‘काफिया तपासा’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

पत्र:

ताई, स. न.

मी सांगलीची. वय 54. सहकारी बँकेत 29 वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तीन वर्षांपूर्वी गझल शिकायला लागले. गझलेच्या तीन फेसबुक ग्रुपांवर आहे, दोन व्हॉट्सॲपवर. दोन महिन्यांपूर्वी पाच शेरांची, म्हणजे दोन-दोन ओळींच्या पाच जोड्यांची, एक गझल टाकली. त्यातला मतला, म्हणजे पहिला शेर, आणि तिसरा शेर खाली देते.

तुझ्या अंगणाशी पुन्हा वाट आली
जशी ओसरावी तशी लाट आली

कडी वाजली, दार मी लावलेले
न बोलावता आज ही भेट आली

पोस्ट टाकून मिनिट व्हायच्या आत ‘अप्रतिम’ सुरू झालं. एकानं ‘सुंदर चारोळी’ म्हटलं. मग एक गृहस्थ आले. म्हणाले, पहिल्या ओळीत 22 मात्रा होतात, ‘तुझ्या’तला तु आणि ‘पुन्हा’तला पु गुरू, आधी अभ्यास करा मग लिहा. दुसऱ्या एकानं नुसतं ‘काफिया तपासा’, म्हणजे यमकाचा शब्द तपासा, एवढंच लिहिलं, ना नमस्कार ना चमत्कार. तिसऱ्यानं खाली स्वतःची नऊ शेरांची गझल चिकटवली. एकीनं ‘छान प्रयत्न’ म्हटलं. एकानं विचारलं, ‘चॅटजीपीटीची का?’ आणि कळस म्हणजे माझ्या चुलत दिरांनी घरच्या ग्रुपवर विचारलं, ‘वहिनी, कुणाचं अंगण?’ ते अंगण माझ्या माहेरचं आहे, ताई. भावांनी मागच्या वर्षी घर विकलं. हे मी कुणाकुणाला सांगत बसू? परवा तीच गझल उगवत्या सूर्याच्या चित्रावर ‘अनामिक’ म्हणून मला परत आली.

दोन महिने एक ओळ लिहिलेली नाही. मुलगी म्हणते, सगळ्यांना ब्लॉक कर. मी तर ग्रुपवर प्रत्येकाला न चुकता ‘अप्रतिम’ देते, कुणाचं मन दुखावत नाही. मग माझ्याच वाट्याला हे का? ग्रुप सोडू का?

(नाव छापू नये)

उत्तर:

ताई,

पत्र वाचून मी आधी बोटांवर मात्रा मोजल्या. सवयच आहे, जात नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करते, कारण दोन महिने तुम्हाला जे टोचतंय त्यात माझ्या मते त्या 22 मात्रा पहिल्या आहेत. दिरांचं अंगण दुसऱ्या नंबरावर.

तुमची ओळ बिनचूक आहे. भुजंगप्रयात वृत्त, लगागा (लघु, गुरू, गुरू) चार वेळा, 12 अक्षरं, लघूची एक आणि गुरूच्या दोन धरून 20 मात्रा. ते गृहस्थ अर्धा नियम शिकलेत. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, हे खरं. पण कधी? त्या अक्षरावर आघात येतो तेव्हा. ‘पुण्य’ मोठ्यानं म्हणून बघा. जीभ ‘पुण्’वर अडते, मग ‘य’ सुटतो. पु गुरू. आता ‘पुन्हा’ म्हणा. जीभ कुठं अडली? कुठंच नाही. ‘न्हा’ हे एका श्वासात बाहेर पडतं, म्हणून पु लघुच राहतो. ‘तुझ्या’चं तेच, ‘तुम्ही’चं तेच, ‘कुऱ्हाडी’चं तेच. सत्य, पुत्र, मुक्त यांच्यात आघात आहे. तुझ्या, जुन्या, उन्हात यांच्यात नाही. हा काही गझलवाल्यांनी काढलेला पळवाटीचा नियम नव्हे, मराठी छंदशास्त्रात तो सरळ सांगितलेला आहे, आणि शास्त्र बाजूला ठेवलं तरी कान सांगतोच. त्या गृहस्थांनी डोळ्यांनी मोजलं, कानांनी नाही. कागदावर जोडाक्षर दिसलं की लगेच गुरू! असे मोजणारे प्रत्येक ग्रुपवर दोन-तीन असतातच, आणि त्यांचा आवाज नेमका नवख्यांच्या पोस्टखाली चढतो. जाणत्याच्या पोस्टखाली ते ‘क्या बात है, गुरुजी’ म्हणून पुढे जातात. कधी लक्ष ठेवून बघा.

त्यांना काय उत्तर द्यायचं? आता दोन महिन्यांनी काहीच नाही. पण पुढच्या वेळी, असं कुणी आलं तर, एवढंच लिहा: ‘पुन्हा आणि तुझ्या यांत आघात येत नाही, म्हणून पहिलं अक्षर लघु धरलंय.’ ‘माफ करा’ नको, ‘मी अजून शिकतेय’ नको, हात जोडलेलं चित्र तर मुळीच नको. बँकेत 29 वर्षं होतात ना? काउंटरवर कुणी ‘व्याज चुकलंय’ म्हणून ओरडत आला तर तुम्ही काय करत होतात? पासबुक फिरवून आकडा दाखवत होतात. तसंच.

आता जरा कडू.

तुमच्या पोस्टवर जेवढ्या कमेंट आल्या त्यांत एकच कमेंट तुमच्या गझलेवर होती. ‘काफिया तपासा.’ ना नमस्कार ना चमत्कार, हे तुमचे शब्द, आणि मला ते पटतात. माणूस तुसडा आहे. पण बरोबर आहे.

मतल्यात तुम्ही ‘वाट’ आणि ‘लाट’ घेतलंत. तिथंच तुम्ही स्वतःला बांधून घेतलंत: शेवटी ‘ट’ आणि त्याच्या आधी ‘आ’. तो ‘आ’ म्हणजे तुमची अलामत. मतला झाला की ती हलत नाही, पाच शेर असोत की पंधरा. तिसऱ्या शेरात ‘भेट’ आली आणि ‘आ’च्या जागी ‘ए’ आला. सुरेश भटांनी नवख्यांसाठी लिहिलेली ‘गझलेची बाराखडी’ तुमच्या घरात असणारच, गझल शिकणाऱ्या बहुतेकांकडे ती झेरॉक्समध्ये तरी असतेच. त्यात अलामत बघा. तुम्हाला हे माहीत नाही असंही मला वाटत नाही. ‘भेट’ का आली तेही मी सांगू शकते. तुमचा रदीफ, म्हणजे काफियानंतर दर शेरात तसाच येणारा शब्द, ‘आली’. म्हणजे काफिया स्त्रीलिंगीच हवा. घाट येतो, थाट येतो, ताट येतं, ‘येते’ अशा किती? वाट, लाट मतल्यात खर्ची पडल्या. ‘पहाट’ डोक्यात आली असणार, सगळ्यांना येते, पण तिचा ‘प’ लघु, आणि वृत्ताला तिथं गुरू हवाय, म्हणून ती दारातूनच परत गेली. ‘खाट’ घेऊन गझलेत कोण जाणार? मग ‘ट’ तर आहे की, असं म्हणून भेट आत घेतली. आणि शेर चांगला वाटत होता, म्हणून डोळे मिटलेत. मी हे सगळं केलेलं आहे हो, म्हणून इतकं नेमकं सांगतेय.

म्हणजे झालं काय, की ज्यांनी गोड लिहिलं त्यांनी शेर वाचलाच नव्हता (चारोळी म्हणणाऱ्यानं तर ओळीही मोजल्या नव्हत्या), ज्यानं पांडित्य केलं तो चुकला होता, आणि जो तुसडेपणानं दोन शब्द टाकून गेला त्यानंच तिसऱ्या शेरापर्यंत वाचलं होतं. तुम्ही राग धरलात तो तिघांवर सारखाच. मला हे जरा उलगडून दाखवायचंय, कारण मुलीचं ऐकून सगळ्यांना ब्लॉक केलंत तर हा एक माणूसही जाईल.

आपल्याकडे, म्हणजे गझलेच्या घराण्यात, दोन गोष्टी पूर्वापार वेगळ्या ठेवलेल्या होत्या. दाद आणि इस्लाह. दाद चारचौघांत. मुशायऱ्यात, म्हणजे शायरांच्या मैफलीत, शायरानं पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, म्हटली की ऐकणारे ती उचलून पुन्हा म्हणायचे, शेर आवडला तर ‘मुकर्रर’ म्हणून परत मागायचे, नाही आवडला तर गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यातच सगळी टीका आली. आणि इस्लाह, म्हणजे दुरुस्ती, ती उस्तादाकडे, एकांतात, आणि आपण मागितली तर. उर्दू शायर दाग देहलवी हैदराबादेत निजामाच्या दरबारी होते तेव्हा लांबलांबचे शागिर्द त्यांना टपालानं गझला पाठवायचे, आणि ते दुरुस्त करून परत धाडायचे. तरुण इक्बालनंही पाठवल्या होत्या. आता कल्पना करा, दागनी इक्बालची गझल दुरुस्त करून भर मुशायऱ्यात उभं राहून वाचून दाखवली असती, ‘इथं याचं चुकलंय, इथं हे बसत नाही’ म्हणून, तर? इक्बालनं पुढची गझल पाठवली असती का, शंका आहे.

फेसबुकनं काय केलं, तर पोस्टखाली एकच चौकट ठेवली. दादही तिथंच, इस्लाहही तिथंच, खुशालीही तिथंच. मग जो तो आपल्या मनातलं काम तिथं उरकून जातो. कुणी हजेरी लावतो. कुणी आपण किती शिकलोय ते सांगून जातो. कुणी आपली गझल विकायला बसतो, आठवडी बाजारात दुसऱ्याच्या पालासमोर पाटी मांडावी तसा. तुम्हाला नेमकं काय हवं होतं हे तुम्ही लिहिलंच नव्हतं, म्हणून प्रत्येकानं आपल्याजवळ होतं ते दिलं.

म्हणून पुढची गझल टाकताना वर एक ओळ लिहा. ‘तांत्रिक चूक दिसली तर जरूर सांगा, शेराचा नंबर देऊन.’ किंवा, मन तसं असेल तर, ‘आज नुसतं वाचा, दुरुस्ती नको.’ दोन्ही चालतं. लोक ऐकतातच असं नाही, पण निम्मे ऐकतात, आणि उरलेल्यांना ‘वर लिहिलंय बघा’ म्हणायची सोय होते. शेराचा नंबर मागणं महत्त्वाचं. ‘काफिया तपासा’ म्हणणाऱ्यानं ‘तिसऱ्या शेरात’ एवढं जोडलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी वही उघडली असती. कुठं, हे न सांगता बोट दाखवलं की समोरच्याला आपण सगळेच चुकलोय असं वाटतं.

इथं मला माझं एक सांगायचंय. फार वर्षं नाही झाली. मी एका ग्रुपची ॲडमिन होते, चारजणींतली एक. एका मुलानं वडिलांवर कविता टाकली. तिसऱ्या कडव्यात छंद साफ सुटला होता. मी लिहिलं, ‘तिसऱ्या कडव्यात गाडी रुळावरून घसरलीय, बघून घे.’ वर हसरा चेहरा. संध्याकाळी दुसऱ्या ॲडमिनचा फोन आला की वडील आदल्या रात्री गेलेत, तो स्मशानातून येऊन लिहीत बसला होता. माझी कमेंट तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर होती. मी ती खोडली, त्याला फोन केला, तो ‘असू द्या हो काकू’ म्हणाला. त्यानं ग्रुपवर परत काही टाकलं नाही. तेव्हापासून माझा रिवाज असा, की दुरुस्ती सांगायची तर आधी मेसेजमध्ये विचारायचं, ‘सुचवू का एक?’ आणि ‘हो’ आलं तरच. चारांतले तीन जण ‘हो’ म्हणतात. चौथ्याला त्या दिवशी नको असतं, इतकंच.

म्हणजे तो तुसडा गृहस्थ आणि मी, आम्ही एकाच जातीचे. तुम्ही त्याला आज, दोन महिन्यांनी का होईना, दोन ओळी पाठवा. ‘तिसऱ्या शेरातल्या अलामतीबद्दल म्हणत होतात ना? बरोबर आहे, बदलतेय.’ बघा काय होतं. माझा अनुभव असा की हे दोन शब्दांचे लोक एकदा का कुणी त्यांचं ऐकलं की पाच-पाच ओळी लिहायला लागतात, आणि त्यांच्याइतकं बारीक वाचणारं दुसरं कुणी मिळत नाही. नाहीच बोलला तरी तुमचं काही जात नाही.

आता ‘अप्रतिम’कडे येते, आणि इथं तुम्ही मला रागवाल. तुम्ही लिहिलंय, मी प्रत्येकाला न चुकता ‘अप्रतिम’ देते. ताई, हे चलन तुम्हीच छापताय आणि परत तेच हातात आलं की खोटं निघालं म्हणून रडताय! तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला मी काय सांगावं. मिनिटाच्या आत पाच शेरांची गझल कुणी वाचत नाही. त्यांनी तुमचं नाव बघून टाकलं, तुम्ही त्यांचं नाव बघून टाकता. त्यात वाईट काही नाही, लग्नात आहेराचं पाकीट देतो तसं ते आहे, त्यानं संबंध राहतात. फक्त त्याला दाद म्हणू नका आणि त्यावरून आपली गझल मोजू नका. खरी दाद द्यायची तर जुन्यांनी करून ठेवलंय तसंच करायचं: ओळ उचलायची. समोरच्याच्या गझलेतला एक मिसरा तसाच्या तसा कमेंटमध्ये लिहायचा, बस्स. पुढे ‘वा’ लिहा, नका लिहू. त्याला कळतं की हिनं वाचलं, आणि कुठं थांबली तेही कळतं. आठवड्याला चाळीस ‘अप्रतिम’ देण्यापेक्षा चार मिसरे उचला. ‘जशी ओसरावी तशी लाट आली’, हा मी आत्ता उचलला. लाट येताना ओसरल्यासारखी येते, हे विकलेल्या घराच्या अंगणाशी उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

‘छान प्रयत्न’ म्हणणारीचं सोडून द्या. ‘प्रयत्न’ हा शब्द आपल्याकडे पोरांच्या निबंधाखाली मास्तर लिहायचे, तो काही लोकांच्या बोटातून अजून गेलेला नाही. तिला बहुधा कौतुकच करायचं होतं.

चॅटजीपीटीवाल्याला उत्तर देऊ नका. आज वहीचा फोटो टाकाल, उद्या वहीची तारीख मागतील. आपण लिहिलंय हे सिद्ध करायची जबाबदारी आपली नव्हे.

नऊ शेरवाल्याला मात्र द्या. गोड शब्दांत. ‘तुमची गझल वेगळी पोस्ट केलीत तर सगळ्यांना वाचता येईल, इथं खाली दबून जाईल.’ त्याच्याच फायद्याचं बोलतोय असं वाटलं पाहिजे, आणि खरंच त्याच्या फायद्याचंच आहे. तरी परत चिकटवलीन् तर ॲडमिनला सांगा. स्वतःच्या भिंतीवर असेल तर लपवा किंवा खोडा, फेसबुकवर तेवढी सोय आहे.

राहिले दीर.

ह्या एका कमेंटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बायकांनी गझल लिहिली की ‘तू’ कोण, हे विचारलं जातंच. पुरुषानं दारूवर दहा गझला लिहिल्या तरी कुणी त्याला ‘काय हो, सकाळपासूनच का?’ म्हणून विचारत नाही, सगळे म्हणतात, प्रतीक आहे, साकी म्हणजे परमेश्वर. बाईनं अंगण म्हटलं की अंगण कुणाचं! आणि बायका मग काय करतात तर सावध लिहायला लागतात. ‘तुझ्या’चं ‘तिच्या’ करतात, प्रियकराचा विठ्ठल करतात. मी तीन जणींना ओळखते ज्यांच्या गझलांत गेल्या काही वर्षांत आई, लेक आणि पांडुरंग याखेरीज कुणी येतच नाही, आणि त्या तिघींनाही मुळात दुसरंच काहीतरी लिहायचं होतं.

तुमच्यापुढं सोपी वाट आहे, ती मला दिसते: ‘अहो भाऊजी, माहेरचं अंगण’ असं सांगून टाकायचं. खरंही आहे, कुणी हसणारही नाही, उलट दोघी-चौघी डोळे पुसतील. पण नका सांगू. का? कारण यावेळी अंगण माहेरचं निघालं म्हणून तुम्ही सुटलात. पुढच्या गझलेत नसेल माहेरचं. तेव्हा काय सांगणार? एकदा खुलासा दिलात की खुलासा देणारी म्हणून खुर्ची ठरते. दिरांना एवढंच लिहा, ‘भाऊजी, गझलेतलं अंगण गझलेचंच असतं.’ आणि वर त्यांच्या शेतातल्या द्राक्षांची चौकशी करा, हळदीची करा, असेल त्याची करा. विषय तिथंच बदलायचा. सांगलीकर माणूस पिकाचं विचारल्यावर बोलल्याशिवाय राहत नाही. आणि पुढची गझल घरच्या ग्रुपवर टाकू नका. घरच्या लोकांनी आपलं लिहिणं वाचावं ही इच्छा मी समजू शकते, पण त्यांना ते वाचताना तुम्ही दिसता, शेर दिसत नाही. त्यांचा दोष नाही. तुमच्या हातची आमटी जेवलेली माणसं आहेत ती.

‘अनामिक’ सूर्याबद्दल. तुमचं नाव त्या गझलेवर हवं हा तुमचा कायद्यानं हक्क आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात लिहिणाऱ्याचं श्रेय लिहिणाऱ्याकडेच राहतं, त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क लागू होतो. कलम 57 तर असं आहे की हक्क विकून टाकला तरी ‘हे माझं आहे’ म्हणायचा अधिकार जात नाही. हे झालं कागदावर. व्यवहारात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सूर्यामागं कोर्टात कोण धावणार? ज्यांच्याकडून ते चित्र आलं त्यांना तुमच्या मूळ पोस्टचा दुवा पाठवा आणि ‘नाव घालून परत पाठवाल का’ असं विचारा. अर्ध्याहून जास्त जण ओशाळून पाठवतात. आणि पुढच्या गझलांसाठी जुन्या शायरांनी सोय करून ठेवलीय ती वापरा: मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, आपलं तखल्लुस, म्हणजे टोपणनाव, गुंफायचं. सूर्यवाला वरचं नाव कापू शकतो, पण शेरातलं नाव काढायला गेला तर वृत्त मोडतं. सगळेच जुने शायर चोरांच्या भीतीनं तखल्लुस घालत होते असं नाही, पण उपयोग होतो हे खरं. अडचण एकच, तुमचं तखल्लुस लगागात बसणारं हवं. ते ठरवताना मात्रा मोजून ठेवा म्हणजे झालं.

ग्रुप सोडू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पाच आहेत ना? दोन ठेवा. एक असा, जिथं बारीक वाचणारे आहेत, तुसडे असले तरी चालतील. आणि एक असा, जिथं आहेराची पाकिटं चालतात, कारण तेही लागतं, माणूस काही फक्त दुरुस्त्यांवर जगत नाही. बाकीच्या तिघांची घंटी बंद करा, सोडलं म्हणून जाहीर करू नका, त्यावरही चाळीस कमेंट येतील. आणि गझल लिहिली की लगेच टाकू नका. आठ दिवस वहीत राहू द्या. लोणच्याच्या फोडी मुरतात तशी ती मुरते असं मी म्हणणार नाही, तसं काही नसतं, बऱ्याचदा आठ दिवसांनीही ती तशीच असते. पण तोवर तुमची तुम्हालाच ‘भेट’ खटकलेली असते, आणि मग ‘काफिया तपासा’ वाचून पोटात खड्डा पडत नाही.

आता त्या शेराचं. ‘भेट’ काढायचीच. मघाशी म्हटलं तसं स्त्रीलिंगी नामं शोधत बसलात तर खाटेपाशी अडाल. विशेषणं घेऊन बघा, लिंगाचा प्रश्नच मिटतो: वाऱ्याची झुळूक मोकाट आली, हसू भन्नाट आलं असं जे आपण बोलतो त्यातलं काहीतरी. ‘मोकाट’ वृत्तात बसतो, मोजून बघा. पण तुमच्या शेरात दार लावलेलं आहे, कडी वाजतेय आणि कुणीतरी न बोलावता येतंय. तिथं मोकाट नको, दबक्या पावलांचं काहीतरी हवं. पहिली ओळ अजिबात हलवू नका. दुसरीतलं ‘न बोलावता’ही राहू द्या. त्याच्या पुढचंच बदलायचंय.

मला एक शब्द सुचलाय. पत्र वाचताना, चहा गाळता गाळता सुचला, आणि त्यानं तो शेर मतल्यापेक्षाही वर जातो असं मला वाटतं. अख्खी ओळ करून वहीत लिहून ठेवलीय. पण इथं छापली तर मी त्या नऊ शेरवाल्याच्या शेजारी जाऊन बसेन. तुमची ओळ आधी येऊ द्या, मग माझी दाखवते. दोन अक्षरी आहे, एवढंच सांगते.